विचारलं तेवढंच

सव्वीस जानेवारीला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी घोडदऱ्याच्या ग्रामसभेत सातवा विषय निघाला. गावामागच्या डोंगरात न्यूट्रिनोची प्रयोगशाळा होऊ द्यायची की नाही?

शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोनशेवर माणसं होती. कारभारी सर पहिल्या रांगेत, खुर्चीवर बसले होते. संगमनेरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं फिजिक्स शिकवून ते गावी परतले होते, आणि माइकपुढे उभी होती ती त्यांचीच विद्यार्थिनी, धनश्री. गावचीच लेक, आता प्रकल्पातली शास्त्रज्ञ. प्रकल्पासाठी आपल्या गावचा डोंगर तिनेच सुचवला होता. गेली दोन वर्षं ती त्यासाठी झटत होती.

"सूर्याच्या पोटात काय चाललंय, त्याची बातमी हे कण आठ मिनिटांत आणतात," ती सांगत होती. "उजेडाला तिथून नुसतं बाहेर पडायलाच हजारो वर्षं लागतात. न्यूट्रिनो सहसा कशालाच अडत नाही. बाकीचे कण डोंगराच्या खडकात अडतात. म्हणून बोगद्यातून आत जायचं. तिथं हाच काय तो पोचतो."

"कशालाच अडत न्हाई, मंग तू धरनार कसा?" म्हाताऱ्या बनुबाईंनी विचारलं.

"फार थोडे सापडतात, आजी. दिवसाला दहा-बारा."

"आन् त्यापायी डोंगुर कोरायचा? आधी आमच्या घरातला उंदीर धरून दे, बाई."

शेड हसलं. धनश्रीही हसली. पोरीला हात द्यावा म्हणून सर उठले.

"हे बघा, न्यूट्रिनोला विद्युतभार नाही, वस्तुमान नाही. त्यात घाबरण्यासारखं..."

"वस्तुमान असतं, सर." धनश्री हळूच म्हणाली, पण माइक चालू होता. "अगदी नगण्य, पण असतं. पंचवीस वर्षं झाली ते सिद्ध होऊन."

सरांनी ते कुठंतरी वाचलं होतं. वर्गात सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

"घ्या!" दूध संकलन केंद्राच्या काकासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "सरांचाच पेपर चुकला. आन् आमचे अर्धे अर्धे मार्क कापीत हुते!"

आता शेड आधीपेक्षा मोठ्यानं हसलं. सर खाली बसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

काकासाहेब उभे राहिले. त्यांचा विरोध पहिल्यापासूनच होता. "धनश्री प्रकल्पाची मानूस. ती गोडच बोलनार. सर, तुमी गावचे. तुमी सांगा. ह्ये कण मानसाच्या अंगातून जात्यात का न्हाई?"

"जातात," सर म्हणाले.

"किती?"

"अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला साडेसहा हजार कोटी."

आकडा बरोबर होता.

विचारलं तेवढंच लिहा, जादा ओळींना मार्क मिळत नाहीत, असं सर मुलांना सांगत आले होते. इथं जादा ओळी दोनच होत्या. हे कण सूर्याकडून येतात, डोंगरात प्रयोगशाळा झाली काय अन् नाही झाली काय, तेवढेच येणार. आणि आजवर त्यांनी कुणाला काही केलेलं नाही.

धनश्री त्यांच्याकडे बघत थांबली होती. "सर, पुढचंही सांगा ना."

"विचारलं तेवढं सांगितलं," सर म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले.

बायकांच्या बाजूनं निकिता उठली. तिला सातवा महिना होता. पोटावर पदर घट्ट ओढून ती घराकडे निघाली, मागून सासू. शेडमधली सगळी डोकी तिच्याबरोबर वळली. घरातही तेवढेच कण जाणार होते. सरांच्या ओठांवर हे वाक्य आलं होतं. पण ते बोलली धनश्री, तेही तीन वेळा, माइकमधून, आणि तोवर गलका एवढा वाढला होता की कुणी ऐकून घेईना.

हात वर करून मतं मोजली. बाजूनं अडतीस, विरोधात एकशे एकाहत्तर. अडतीसांमधला एक हात सरांचा होता.

सभा उठल्यावर धनश्री नेहमीसारखी सरांच्या पाया पडली.

"पोरी, मी बोलायला..."

"तुम्ही खोटं काहीच बोलला नाहीत, सर," ती म्हणाली आणि वायरी गुंडाळायला गेली.

तीस जानेवारीला डोंगरावरचं खडक तपासायचं यंत्र खाली उतरलं. त्यानंतर सर तीन वेळा ग्रामपंचायतीत गेले. आपल्या उत्तरापुढे आणखी दोन वाक्यं इतिवृत्तात घाला, एवढीच त्यांची मागणी होती. "सर, सभेत बोलला न्हाई ते मी कसं लिहू?" असं ग्रामसेवक म्हणाले. मग सरांनी लेखी अर्ज दिला, की पुढच्या सभेत मला दोन मिनिटं बोलू द्यावं. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे.

प्रकल्प दुसऱ्या जिल्ह्यात गेला, असं काहीजण सांगतात. काही म्हणतात, तो गुंडाळलाच. धनश्रीचे वडील म्हणतात, ती फोनवर कामाचं काही बोलत नाही.

एक मेच्या ग्रामसभेची विषयपत्रिका गुरुवारी फळ्यावर लागली. तिच्यात दहा विषय आहेत. न्यूट्रिनोचा नाही. दहावा आहे, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय'.