भोंगा लावलेली जाहिरात

चौकातली चहाची जाहिरात येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानात कुजबुजायची, तीही त्याचा जिच्यावर सर्वांत जास्त जीव असेल त्या व्यक्तीच्या आवाजात. आज कुणा खोडकर चित्रकारांनी तिच्यावर भलामोठा कान रंगवला होता आणि भोंगा चिकटवला होता. आता ती कुजबूज सगळ्या चौकाला ऐकू येत होती.

श्रीरंग समोर येताच एका बाईचा आवाज घुमला, “अरे रंग्या, चहा टाकू?”

हेमांगी थबकली. तिने नवऱ्याला कधी ‘अहो’शिवाय हाक मारली नव्हती.

“कोण ही?”

“जाहिरात आहे गं नुसती.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आता कुणाही परक्याचा आवाज येऊ दे, यांनाही जळू दे, असं म्हणत ती तरातरा पुढे गेली.

“हेमा, चहा टाकू?” भोंगा म्हणाला.

आवाज श्रीरंगचाच होता.