तापमानाचं अपील

"दादा, अपिलाची तारीख लागली. तू ये ना सुनावणीला."

धाकटा भाऊ मशिनपाशी उभा होता. थोरल्यानं साच्यातून प्लास्टिकच्या बादलीचं गरम झाकण काढलं, कडेवरून बोट फिरवलं आणि ते पेटीत टाकलं.

"मी येऊन काय करू? तू इंजिनिअर. मी आपला हमाल."

"असं काय बोलतोस?"

"माल काढायचाय," म्हणत थोरल्यानं पाठ फिरवली.

बावीस वर्षं तो याच मशिनवर होता. काटा दाखवायचा ते नुसत्या नळीचं तापमान. आत वितळलेलं प्लास्टिक खरोखर किती तापलंय, हे तो नळीत फिरणाऱ्या स्क्रूच्या आवाजावरून आणि दाबावरून सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं. धाकट्यानं दोन वर्षं शेजारी बसून सगळं मोजलं, त्याचं गणित बसवलं आणि पेटंटसाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला, म्हणून हे अपील.

घरी आई येणाऱ्याजाणाऱ्याला धाकट्याच्या अर्जाबद्दल सांगत बसायची. थोरल्याच्या तोंडची चव जायची. कसब आपलं आणि मिरवणार हा!

अर्ज करायच्या वेळी धाकट्यानं त्याच्यापुढे कागद ठेवले होते.

"साक्षीदारही मीच का?" म्हणत थोरल्यानं दोन ठिकाणी सही ठोकली.

"अरे, एकदा वाच तरी."

"आई सांगतेय ना सगळ्यांना. पुरे तेवढं."

सुनावणीच्या आधी थोरल्यानं पेटंट कार्यालयाला निनावी पत्र धाडलं: ही रीत नवी नाही, कारखान्यात ती दहा वर्षं उघड वापरात आहे, बाहेरून आलेल्या कारागिरांनाही शिकवलेली आहे. पुराव्याला जुन्या नोंदवहीची तारीखवार पानं जोडली. पाकीट टपालपेटीत टाकताना त्याचा हात जराही अडखळला नाही.

महिन्याभरानं अपील फेटाळलं गेलं. रीत आधीपासूनच उघड वापरात होती, एवढंच कारण.

धाकट्यानं निकालाचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि ताट बाजूला सारलं. थोरल्याच्या जिवाला कितीतरी दिवसांनी थंडावा मिळाला.

"चालायचंच रे," तो मोठ्या मनानं म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घेतोस?"

"माझं काही नाही, दादा," धाकटा म्हणाला आणि उठून आत गेला.

थोरल्यानं कागद पुढे ओढला. अर्जदार म्हणून धाकट्याचं नाव होतं. त्याखाली 'शोधकर्ता' या शब्दापुढे, वडिलांच्या नावासकट, एकट्या थोरल्याचं.