दुसरा गोळा

“युद्धाचं कारण पुन्हा बदललं,” वडील म्हणाले आणि त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला. “परवा धरण होतं, काल चौकी होती, आज गोदामातला शस्त्रसाठा. आमच्या छापखान्यातला शिपाईसुद्धा उशिरा आला की एका कारणावर ठाम राहायचा.”

धाकटा हसला. थोरली खाली मान घालून जेवत होती.

वडिलांचा उभा जन्म वर्तमानपत्राची मुद्रितं तपासण्यात गेला होता. सरकारी खुलासे त्यांच्या हाताखालून जायचे. आजचा खुलासा उद्या मागे घेतला जायचा, आणि दोन्हींतल्या वेलांट्या त्यांनीच दुरुस्त केलेल्या असायच्या. छापलेल्या शब्दावर त्यांचा काडीचाही विश्वास उरला नव्हता.

“बाबा, लष्कराला मेकॅनिक हवेत,” धाकटा म्हणाला. “आमच्या गॅरेजातले दोघं गेले. मी नुसताच बघत बसू?”

“खुशाल जा. फक्त कशासाठी मरायचं ते आधी त्यांचं नक्की ठरू दे.”

“तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाही जाणार. आईला तसं कबूल केलं होतं.”

आईचं नाव निघालं की घर गप्प व्हायचं. तिला जाऊन महिनाही झाला नव्हता. थोरलीने ताट उचललं. आई गेली तेव्हा दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. वडिलांच्या मनातून ते गेलं नव्हतं, आणि ते लपवायचेही नाहीत.

थोरली डबिंगचं काम करायची. जाहिरातीतली खाष्ट सासू ती, कार्टूनमधली खारही तीच. टीव्ही लागला की घरात तिचा आवाज ओळखायची पैज लागायची आणि धाकटा हटकून हरायचा.

“ताई, तुझा खरा आवाज कुठला गं?”

“ज्याचे पैसे मिळतात तो.”

आईनंतर ती पहिल्यांदा कामावर गेली, त्या दिवशी घसा पार बसवून घरी आली.

“आज कोण होतीस? कोल्हीण?” धाकट्याने विचारलं.

“नभोनाट्य होतं. छोटंसंच काम.” तिने पाण्याची स्टीलची बाटली टेबलावर ठेवली. बाटलीच्या कुशीला मोठा पोचा आला होता.

“हिला कुणी मारलं?”

“शेवटच्या वाक्याला हातातून सुटली. म्हटलं, परत घ्या. तर रेकॉर्डिंगवाले म्हणाले, राहू दे, छान झालंय.”

“म्हणजे बाटलीचंही मानधन मागायला हवं.”

ती हसली नाही. लवकर झोपली.

युद्धाबद्दल लोक आता उघड बोलू लागले होते. कोपऱ्यावरचा न्हावी वडिलांचा जुना दोस्त. तो कात्री थांबवून म्हणायचा, “साहेब, आमच्या मेहुण्याला उसने मागताना इतकी कारणं सुचत नाहीत.” खुर्चीतलं गिऱ्हाईक सांभाळून हसायचं.

मग रेडिओवर तो फोन आला. सीमेवरच्या गावातून एका बाईने केलेला, रेडिओवाले सांगत होते. शत्रूने दवाखान्यावर गोळा टाकला, तिची आई ढिगाऱ्याखाली गेली. बाई आईला हाका मारत रडत होती. तेवढ्यात दुसरा गोळा पडला आणि फोन बंद झाला. दर बातमीपत्रात तो ऐकवू लागले.

पहिल्या संध्याकाळी निवेदकाने तेवढं सांगितलं आणि थोरली उठून स्वयंपाकघरात गेली. तिने नळ सोडला. हल्ली कुणाचंही रडणं तिला ऐकवत नसे. पुढेही त्या बातमीची चाहूल लागली की ती उठायची.

वडील मात्र हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी न्हावी म्हणाला, “बनवलेलं असणार हो.” हे वाक्य एरवी वडिलांचं असायचं.

“नाही,” वडील म्हणाले. “खोटं लिहिता येतं. जन्मभर तपासलंय मी ते. असं रडता येत नाही. त्या बाईची आई खरंच गेलीय.”

घरीही ते तेच म्हणाले. थोरली दारात उभी होती.

“बाबा, ते काहीही करतात. तुम्हीच तर सांगता.”

“तुला गं काय कळणार रडण्यातलं?”

ती स्वयंपाकघरात गेली.

वडील धाकट्याकडे वळले. “जा,” ते म्हणाले.

निघताना धाकट्याने थोरलीच्या डोक्यावर टपली मारली. “नवीन काय केलंस की कळव. या वेळी मी जिंकणार.”

तो गेला आणि पावसाळ्याआधी गणवेशातले दोघं दाराशी आले. पुलावर बंद पडलेली गाडी दुरुस्त करताना, असं त्यांनी सांगितलं. वडिलांनी त्यांना पाणी विचारलं.

शेजारीपाजारी येऊन गेले. न्हावी शेवटपर्यंत बसला. उठताना त्याच्या तोंडून निघून गेलं, “कशापायी गेलं हो पोर?”

वडिलांनी त्याच्यामागे दार लावलं आणि मोबाइल काढला. रेडिओवरचा तो फोन त्यांनी त्यात उतरवून घेतला होता.

“बस इथे,” ते थोरलीला म्हणाले. “आज आत जायचं नाही.”

“बाबा, नको ना.”

“एकदा ऐक. नाहीतर तुलाही वाटत राहील, पोरगं खोट्यासाठी गेलं म्हणून. माझ्याकडे आता एवढंच उरलंय.” त्यांचा आवाज खाली आला. “आणि कसं सांगू... या बाईचं ऐकलं की तुझी आई आठवते.”

थोरली टेबलाशी बसली. वडिलांनी बटण दाबलं.

“आई, ऊठ गं,” खरखरीतून आवाज आला. “ऊठ ना. मी आलेय बघ.” मग नुसतं रडणं. थांबायचं, श्वास ओढायचं, पुन्हा फुटायचं.

वडिलांनी डोळे मिटून घेतले होते. चाचपडत त्यांनी तिचा हात धरला.

“आता ऐक,” ते कुजबुजले. “आता दुसरा गोळा पडतो.”

मोबाइलमध्ये काहीतरी ठण्णकन आपटलं आणि घरंगळत गेलं. थोरलीने मोकळा हात पुढे केला आणि टेबलावरच्या बाटलीचा पोचा तळव्याखाली झाकला.