डाव्या हाताचा टाका

शिंप्यानं बाहुलीचा झगा उलटा केला आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली.

शाळेत पालकांचा मेळावा होता. वर्गातली बाकं भिंतीला सरकवली होती आणि टेबलांवर पोरांनी घरून करून आणलेल्या, हातात घालून नाचवायच्या बाहुल्या मांडल्या होत्या. पुठ्ठ्याच्या नाकाचा राजा, मोज्याचा साप, एक डोळा गळून पडलेलं अस्वल. बाकीचे आईबाप ‘अगं बाई, किती गोड!’ करत पुढं सरकत होते. शिंपी मात्र आपल्या लेकीच्या टेबलापाशी खिळून उभा होता. झग्याच्या घेराची हातशिलाई बारीक होती, एकसारखी होती. दुसरीतल्या पोरीला एवढी सफाई कुठून आली? त्याच्या दुकानातल्या कारागिराला ती अजून साधली नव्हती.

आणि टाके उलट्या बाजूला कलले होते. उजव्या हाताचा टाका असा कलत नाही.

घरात माणसं तीन. तो, त्याची म्हातारी आई आणि ही पोर, जिला सगळे बटण म्हणत. तिघंही उजव्या हाताची. दुकानातही डावखुरं कुणी नव्हतं. डावखुरं माणूस त्याच्या ओळखीत एकच, आणि ते भांडून घर सोडून गेलं होतं. बटणच्या आईचं नाव घरात काढायचं नाही, असं त्यानं पोरीला बजावून ठेवलं होतं.

“हे कुणी शिवलं?”

“मीच.”

“खरं सांग.”

“मीच शिवलंय, बाबा. शप्पथ.”

शपथ घेताना तिनं बापाकडे पाहिलं नाही, बाहुलीकडे पाहिलं. कुठंतरी पाणी मुरत होतं. शाळेपासून दुकानापर्यंतचा रस्ता तो केवढा, पण हल्ली तिला यायला रोज उशीर होई. विचारलं की, मैत्रिणीकडे खेळत होते. मैत्रीण कोण, राहते कुठं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि आता स्वतःच्याच भोळेपणाचा त्याला राग आला. म्हणजे पाठीमागं भेटीगाठी चालू आहेत तर. आज झगा शिवून दिला, उद्या पोरगीच म्हणेल, मला आईकडे राहायचंय.

“छानच झालंय हो,” वर्गाच्या बाई जवळ येऊन म्हणाल्या. “शिंप्याची मुलगी म्हटल्यावर काय!” आणि त्या जरा जास्तच हसल्या.

“म्हणजे मी शिवून दिलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“छे छे, तसं नाही.” पण तसंच होतं. “बरं, तुमचा पडद्यावरचा टाका राहिलाय ना? या इकडे.”

कोपऱ्यात बाहुल्यांच्या खेळाचा निळा पडदा पसरला होता. त्याच्या काठाला आधी मुलानं टाका घालायचा आणि शेजारी, त्याला घरी शिकवणाऱ्या माणसानं. शिंप्याला वाटलं, बरं झालं, आता चोरी उघडी पडेल. त्यानं स्वतः सुईत दोरा ओवला आणि लेकीपुढं धरला.

“घाल.”

बटण पेन्सिल उजव्या हातानं धरते. चमचा उजव्या हातानं धरते. सुई तिनं डाव्या हातात घेतली.

टाका पडला. मग दुसरा, तिसरा. बारीक, एकसारखे, उलट्या बाजूला कललेले.

शिंपी बघतच राहिला. शिवलं होतं तिनंच. पोर खोटं बोलली नव्हती. समोर बसून बघून उचललं असतं, तर आरशातल्यासारखी सुई उजव्या हातात आली असती. ही शेजारी बसून शिकली होती. अगदी खेटून बसून, पुष्कळ दिवस, कुणीतरी न कंटाळता पुन्हा पुन्हा दाखवल्यावर.

“अगं, तू डाव्या हातानं शिवतेस?” बाईंनी विचारलं. “घरी कोण शिकवतं?”

“बाबा,” बटण घाईघाईनं म्हणाली.

बाईंनी शिंप्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मधल्या बोटावर सुई रेटायच्या टोपीचा, अंगुस्तानाचा, जुना वळ होता, तो लपण्यासारखा नव्हता.

“तुम्ही डावखुरे आहात?”

बटणनं मान वर केली नाही. तिचे कान लाल झाले होते. ‘नाही’ एवढं म्हटलं की झालं. बाई खोदून विचारतील, पोर रडत सगळं सांगून टाकेल आणि उद्यापासून शाळा सुटली की म्हातारी तिला न्यायला येईल. भेटी बंद. बायको घर सोडून गेल्यापासून पोरीनं तिचं तोंडही बघू नये, हेच तर त्याला हवं होतं.

त्यानं लेकीच्या हातातली सुई घेतली. डाव्या हातात.

“हो,” तो म्हणाला.

सगळा जन्म सुई धरण्यात गेला होता, पण टाका असा वेडावाकडा पडला की एखाद्या गिऱ्हाइकानं कापड तोंडावर फेकलं असतं. बाईंना पटलं नव्हतं, ते त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं. पण पलीकडून कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

बटण हळूच सरकून त्याच्या शेजारी येऊन बसली.

“असं नाही, बाबा,” ती कुजबुजली. “अंगठा खाली घ्यायचा. आई म्हण—” आणि तिनं जीभ चावली.

शिंप्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. त्यानं अंगठा खाली घेतला.

“हं,” तो म्हणाला. “आणखी काय म्हणते?”