जागच्या जागी

"बाबा पावणेसहाला फिरून येतील. त्याआधी सगळं होतं तसं झालं पाहिजे," मुलगा म्हणाला आणि त्याने बाथरूमचा दिवा लावला.

फोटोवालीने घड्याळात पाहिलं. पाच वीस. घरविक्रीच्या जाहिरातींसाठी तिने आजवर शेकडो बाथरूमचे फोटो काढले होते, पण असं चोरासारखं कधीच नाही. घर विकायला काढलंय हे म्हाताऱ्याला अजून सांगितलेलंच नव्हतं. मागच्या वेळचे फोटो अंधारे आले होते, म्हणून आता हिला बोलावलं होतं.

"त्यांना फारसं दिसत नाही," मुलगा पुढे म्हणाला. "सगळं हाताने चाचपून घेतात. वस्तू वीतभर सरकली तरी कळतं त्यांना."

"मग सरळ सांगून का टाकत नाही?"

"सांगणार आहे की. गिऱ्हाईक तर ठरू दे!"

तिने नेहमीप्रमाणे आधी दारातून मोबाइलवर एक फोटो काढला. नंतर त्यात बघून एकेक वस्तू जागेवर ठेवायची, ही तिची पद्धत. मग अंघोळीचं स्टूल, कवळीचा पेला, विटका टॉवेल, साबण, सगळं बाहेर निघालं. उंबऱ्याच्या आतली ओली रबरी चटई तिने बाहेरच्या वॉशिंग मशीनच्या मागे उभी केली. कमोडचं झाकण लावलं, फरशी चमकावी म्हणून ओलं फडकं फिरवलं, आणि आरशात आपणच दिसू नये म्हणून गुडघ्यांवर बसून पटापट फोटो काढले. जगात कुणाचीही बाथरूम इतकी नीटनेटकी नसते, पण जाहिरातीत तीच लागते.

वस्तू परत ठेवताना ती सारखी घड्याळाकडे बघत होती. मुलगा दर मिनिटाला खिडकीशी जाऊन येत होता. शेवटी तिने मोबाइलमधला फोटो दोनदा ताडून पाहिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. इतक्यात दारात किल्ली फिरली.

"ही माझ्या ऑफिसातली मैत्रीण, बाबा."

"असं होय? बस हं, बाळ. पाय धुऊन आलोच." भिंतीला हात लावत म्हातारा आत निघाला.

तेवढ्यात तिला मशीनमागून येणारा पाण्याचा ओघळ दिसला. चटई तिथेच राहिली होती! मोबाइलच्या फोटोत उंबऱ्यालगतची फरशी आलीच नव्हती. मुलाने तिची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि डोळ्यांनीच तिला गप्प बसायला सांगितलं.

"आजोबा, थांबा! पाय टाकू नका!"

ती चटई घेऊन धावली. म्हातारा एक पाय उचलून, चौकट धरून उभा होता. तिने चटई अंथरली. त्याने अंगठ्याने ती चाचपली, मगच पाय टेकला. त्याचा हात बेसिनपाशी गेला आणि साबणावर अचूक पडला.

"साबण जागेवर आहे," तो म्हणाला. "मागच्या फोटोवाल्याने उजवीकडे ठेवला होता."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. म्हाताऱ्याने नळ सोडला आणि पाठमोराच म्हणाला, "मला विचारलं असतंस, तर मीच बाथरूम आवरून ठेवली असती रे."