जुळणारा भाऊ

"आता यकृताचा तुकडा काढायला तुमच्या भावावर शस्त्रक्रिया करायची गरज नाही," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या.

यकृत निकामी होत चाललेल्या माणसाने हे ऐकून हात जोडायला हवे होते. समोरच्या सुताराचा मात्र चेहरा पडला.

बाईंनी समजावून सांगितलं. कुणा अनोळखी माणसाच्या मूळपेशींपासून प्रयोगशाळेत यकृताच्या पेशी वाढवल्या आहेत. त्या कुणाच्या, हे शरीराला कळवणारी जनुकं कापून टाकली आहेत. त्यामुळे शरीर त्यांना परकं समजून हुसकावणार नाही.

"म्हणजे परका चालतो," सुतार म्हणाला. "आमच्याकडे सख्ख्यालाच हुसकावतात."

बाई हसल्या. तो हसला नाही.

"भावाची अजून एखादी तपासणी? उगाच आपली, खात्रीसाठी?"

"धडधाकट माणसाला कशाला टोचायचं, काका?"

खरंच होतं. धाकटा बाहेर बाकावर बसला होता. घराच्या मधोमध भिंत घालून वेगळे झालेले हे दोघे भाऊ रक्त जुळतं का ते पाहायला इथे आले, आणि बोलू लागले. तपासणीला उपाशीपोटी यायचं, मग कॅन्टीनमध्ये एकमेकांच्या ताटातलं ओढून खायचं. यकृत चांगलं राहावं म्हणून धाकट्याने दारूही सोडली होती.

धाकट्याला हे सांगूच नये, असं सुताराला क्षणभर वाटलं. पण सोबत हवी म्हणून भावाच्या पोटावर सुरी फिरवायची? त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"सुटलास," बाहेर येऊन तो म्हणाला. "दुसरी सोय झाली. तुझं यकृत नको आता."

धाकटा उठून उभा राहिला. त्याने उगाचच शर्ट खाली ओढला.

"पण जुळत होतं की रे, दादा."

"जुळत होतं."

दोघांनाही पुढचं बोलायचं होतं. आधी कोण बोलणार, एवढंच अडलं. भांडताना कधी असं अडलं नव्हतं.

"मग निघतो मी," धाकटा म्हणाला.

"हं. सांभाळून जा."

लिफ्टचं दार मिटलं. सुतार त्या दाराकडे बघत राहिला.

तेवढ्यात नर्स आली. "काका, उपचारांच्या दिवशी सोबत घरचं कोण येणार?"

"कोणी लागत नाही म्हणे आता," तो म्हणाला.