बरोबर उत्तर

दवाखान्यातल्या यंत्राच्या पडद्यावर पाच चेहरे उमटले. पहिला हसरा, शेवटचा रडका आणि मधले एकापेक्षा एक बिघडत गेलेले.

"बाळा, तुला कसं वाटतंय?" यंत्राने गोड आवाजात विचारलं. "एका चेहऱ्यावर बोट ठेव. मोठ्यांनी सांगू नये."

"बघ, सांगू नये म्हणतंय," आजोबा नातीला म्हणाले. गल्लीतल्या पोरांना ते घरी शिकवत, तिथेही हाच नियम होता. ज्याचं उत्तर त्याने द्यायचं.

ठकी पोट धरून वाकून उभी होती. कालपासून दुखत होतं, आणि आता ती उजव्या बाजूला हातही लावू देत नव्हती. ताप तेवढा उतरला होता, सकाळी पाजलेल्या औषधाने. यंत्राने तिच्या कपाळावर उजेडाचा ठिपका टाकून ताप मोजला आणि पुन्हा विचारलं, "बाळा, तुला कसं वाटतंय?"

रांगेत मागे हात मोडलेल्या मुलाचा बाप उभा होता. "आजोबा, पोरीला दवाखान्यात आणलंय की परीक्षेला? तुम्हीच दाबा ना पटकन."

"थांबा हो. तिला येतं."

ठकीने पाचही चेहरे नीट पाहिले. मग टाचा उंचावून हसऱ्यावर बोट ठेवलं आणि वळून आजोबांकडे पाहिलं.

यंत्रातून हिरवी चिठ्ठी बाहेर आली. हिरवी म्हणजे बाकावर बसा. लाल म्हणजे थेट आत.

"अगं, हे काय केलंस? एवढं दुखतंय ना तुला?"

"हो," ठकी म्हणाली. "पण रडका तर चुकलेल्यांना असतो."

पाटीवर बरोबर उत्तराशेजारी हसरा चेहरा आणि चुकलेल्याशेजारी रडका, ही आजोबांचीच युक्ती. पोरांना फार आवडायची.

ते नोंदणीच्या खिडकीशी गेले. "ताई, चुकून दाबलं गेलं. लाल चिठ्ठी द्या हो. पोरीला उभं राहवत नाहीये."

खिडकीतल्या बाईंनी पुढ्यातल्या पडद्याकडे पाहिलं. "मला इथून फक्त रंग दिसतो, आजोबा. तो बदलता येत नाही. थोड्या वेळाने बाकाजवळचा पडदा परत विचारेल, तेव्हा नीट उत्तर द्या."

"तुम्ही एकदा तिच्याकडे बघा तरी."

"मी बघून काय करू? मी डॉक्टर आहे का?" बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी आपली उशी खिडकीतून पुढे केली. "ही घ्या, तिच्या पाठीला लावा."

मोडक्या हाताच्या मुलाला लाल चिठ्ठी मिळाली. त्याचा बाप जाता जाता आजोबांच्या कानाशी वाकला. "रडकाच दाबायचा असतो, आजोबा. दुखो, न दुखो."

आजोबांनी ठकीला बाकावर घेतलं. ती गुडघे पोटाशी ओढून पडून राहिली. ते हळूहळू, समजेल असं सांगू लागले.

"हे बघ, इथलं आपल्या पाटीसारखं नाही. इथे बक्षीस नाही, चूक-बरोबर नाही. जे खरं असेल ते सांगायचं. कळलं?"

"खरं सांगायचं."

"मग कोणता चेहरा?"

"रडका."

"शाब्बास."

पडदा काळाच होता. आजोबा त्याच्याकडे बघत बसले. दोनदा उठून त्यांनी त्याला बोट लावून पाहिलं. ठकी आधी कण्हत होती, मग तेही बंद झालं. ती नुसती दात आवळून राहिली. आतलं दार उघडलं की आजोबा अर्धवट उठत. दार दुसऱ्याच कुणासाठी उघडलेलं असे.

"आजोबा."

"काय गं राणी?"

"थांबलं."

"काय थांबलं?"

"दुखायचं. एकदम."

तिने गुडघे सोडले. चेहरा घामाने भिजला होता, पण कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. आजोबांनी रुमालाने तिचा घाम टिपला.

नेमका तेव्हाच पडदा उजळला. पाच चेहरे आले.

"बाळा, आता तुला कसं वाटतंय?"

ठकीने आजोबांकडे पाहिलं. "खरं सांगायचं ना?"

"खरंच सांगायचं," आजोबा हसून म्हणाले.

तिने हसऱ्यावर बोट ठेवलं. पडद्यावर फुगे उडाले, आणि रांगेतला तिचा नंबर आणखी खाली गेला. आजोबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी लेकीला, ठकीच्या आईला, फोन लावला. "अगं, थांबलं बरं का दुखायचं. उगाच धावतपळत येऊ नकोस. हो, हो, एकदमच थांबलं. आत्ता."

बाकासमोरून ट्रे घेऊन चाललेली सिस्टर थबकली.

"कुणाचं एकदम थांबलं?"

"हिचं. कालपासून किती तळमळत होती."

सिस्टरने ट्रे बाकावर ठेवला आणि ठकीच्या पोटावर हात टेकवला. मग तिने आजोबांचा हात धरून तिथेच ठेवला. पोट पाटीसारखं कडक लागलं.

"आजोबा, हे असं एकदम थांबणं चांगलं नसतं. आत काहीतरी फुटलंय."

तिने ठकीला उचललं आणि चिठ्ठी न बघता आतल्या दाराकडे धावत सुटली. "डॉक्टरांना बोलवा! आधी डॉक्टरांना बोलवा!" खिडकीतल्या बाई उभ्या राहिल्या. फोनमधून लेक विचारत होती, "बाबा? कोण ओरडतंय? बाबा?"

सिस्टरच्या खांद्यावरून ठकीचा चेहरा दिसत होता. पांढराफटक, पण शांत.

"आजोबा," तिने तिथून विचारलं, "आता बरोबर दिलं ना उत्तर?"

आजोबांनी हो म्हणून मान हलवली. तोवर दार मिटलं होतं.